हा चेहरा कोणाचा?

(वाचनभाग : उत्पत्ती १:२६-२७, मत्तय २२:१५-२२, लूक ७:३६-५०)

'मुखवटा' हा शब्द आपल्या कानांना फारसा चांगला लागत नाही. अमक्याने सज्जनपणाचा मुखवटा घातला आहे असे आपण म्हणतो, तेव्हा आत कोणी दुसराच आहे असे आपणांस सुचवावयाचे असते. प्रभूने परूश्यांना जो शब्द लावला आणि ज्याचे भाषांतर आपण 'ढोंगी' असे करतो, तो मूळ ग्रीक शब्द नाटकातील नटासाठी वापरीत; आणि त्या काळचा नट मुखवटा घालूनच रंगभूमीवर उभा राही. ह्या विषयावर आपण पुष्कळ उपदेश ऐकले आहेत. त्यांत मी आणखी भर घालीत नाही.

पण एक मुखवटा असा आहे की तो काहीच झाकीत नाही. माणसाच्या चेहऱ्यावर ओले प्लास्टर लावून साचा काढतात आणि त्या साच्यातून प्रतिकृती ओततात. तिच्यात कपाळावरची आठी, ओठावरची भेग, देवीचा व्रण, सारे जसेच्या तसे उतरते. चित्रकार खुशामत करू शकतो. प्लास्टर करीत नाही. तेव्हा सोंगाचा मुखवटा खोटा म्हणून वाईट आणि हा खरा म्हणून चांगला, असे म्हणावयास हरकत नसावी. परंतु थोडा विचार केला म्हणजे दिसते की प्रश्न इतका सोपा नाही. चेहरा हुबेहूब उतरवून घेतला म्हणजे त्या माणसास न्याय मिळाला काय? आणि दुसऱ्याचा चेहरा उतरवून घेण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? हा प्रश्न केवळ शिल्पकारांचा राहिलेला नाही. आज तो आपल्या प्रत्येकाच्या खिशात येऊन बसला आहे.

प्रथम ही कृती कशी करतात ते पाहू. जिप्सम, म्हणजेच चिरोडी, सुमारे १५० अंश सेल्सिअसवर भाजली की तिच्यातील पाण्याचा पाऊण हिस्सा निघून जातो आणि पांढरी भुकटी उरते. हेच प्लास्टर ऑफ पॅरिस. ह्या भुकटीत पाणी कालवले की ती गेलेले पाणी पुन्हा पिऊन घेते, गरम होते आणि अर्ध्या तासाच्या आत दगडासारखी घट्ट होते. ज्याच्या चेहऱ्याचा साचा घ्यावयाचा त्याला उताणे निजवितात किंवा मागे रेलून बसवितात. चेहऱ्याला तेल चोपडतात. भुवया व पापण्या ह्यांना व्हॅसलीन जाड लावतात, नाहीतर प्लास्टरबरोबर केसही उपटून येतात. डोळे मिटलेले, ओठ मिटलेले. नाकपुड्या तेवढ्या मोकळ्या ठेवतात, किंवा त्यांत बारीक नळ्या बसवितात. मग दाट ताकासारखे प्लास्टर चेहऱ्यावर चढत जाते. आतल्या माणसाला बोलता येत नाही, पाहता येत नाही, हसताही येत नाही. त्याच्या मालकीचा उरतो तो फक्त श्वास, आणि तोही साचा घेणाऱ्याच्या सावधगिरीवर अवलंबून असतो.

ह्या कृतीतील दोन गोष्टी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. पहिली ही की जिवंत माणसाचा साचा विश्वासावाचून निघत नाही. दुसरी ही की असा मुखवटा बहुधा डोळे मिटलेला असतो. तो खरा असतो, पण तो आपल्याकडे पाहत नाही. आपण त्याच्याकडे वाटेल तितका वेळ टक लावून पाहावे, त्याला हातात घेऊन फिरवावे, कपाटात ठेवावे. त्याच्याकडून हरकत येत नाही. आणि जो चेहरा उलटून आपल्याकडे पाहू शकत नाही, त्याचे आपण काहीही करण्यास मोकळे होतो. धोका आहे तो ह्याच ठिकाणी.

अब्राहाम लिंकनचे उदाहरण घ्या. १८६० च्या वसंतात, तो अजून राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवारही ठरला नव्हता तेव्हा, शिकागोमध्ये लेनर्ड व्होक नावाच्या शिल्पकाराने त्याच्या चेहऱ्याचा साचा घेतला. प्लास्टर सुमारे तासभर चेहऱ्यावर होते. ते सहज निघेना, तेव्हा लिंकनने स्वतःच मान खाली वाकवून, दोन्ही हातांनी साचा धरून तो हळूहळू सोडवून काढला. कानशिलाजवळचे काही केस उपटले गेले आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आले. पुढे ११ फेब्रुवारी १८६५ रोजी क्लार्क मिल्सने त्याचा दुसरा साचा घेतला. त्यानंतर दोनच महिन्यांनी लिंकनचा खून झाला. हे दोन मुखवटे शेजारी शेजारी ठेवले तर मधल्या पाच वर्षांतील यादवी युद्धाने त्या चेहऱ्याचे काय केले ते कोणालाही दिसते. गाल खोल गेलेले, ओठ आवळलेले. अपरिचित माणसाला तो मृताचाच चेहरा वाटावा. इतिहासाला ह्याहून प्रामाणिक साक्षीदार मिळणार नाही. पण हे विसरू नये की दोन्ही वेळा तो माणूस राजीखुशीने बसला होता. पहिल्या वेळी साचा काढून टाकणारे हातही त्याचे स्वतःचे होते.

मेलेल्या माणसाला मात्र असे विचारता येत नाही. १८ फेब्रुवारी १५४६ रोजी आइस्लेबेन येथे मार्टिन लूथर प्रभूमध्ये निजला. त्याचा देह विटेनबर्गला नेताना वाटेत हाल्ले शहरी ठेवला होता. तेथे त्याच्या चेहऱ्याचा व हातांचा ठसा घेतला असे परंपरा सांगते, आणि तो मेणाचा मुखवटा व ते हात हाल्लेच्या मार्केट चर्चमध्ये आजही जपून ठेवलेले आहेत. आपल्या मंडळ्यांचे ह्या शहराशी जुने नाते आहे. १७०६ साली तरंगंबाडीस उतरलेला त्सीगेनबाल्ग हा भारतातील पहिल्या प्रॉटेस्टंट मिशनरींपैकी एक, आणि त्याचे शिक्षण हाल्लेला झाले होते. पण ह्याच शहरात लूथरच्या हयातीत कार्डिनल आल्ब्रेख्टने संतांच्या हाडांचा व वस्त्रांचा प्रचंड संग्रह मांडला होता, आणि त्याच्या दर्शनाने पापदंडाची सूट मिळते असे लोकांना सांगितले जाई. लूथरने त्यावर कडाडून हल्ला केला होता. तोच लूथर मेल्यावर त्याच शहरात त्याचे हात आणि चेहरा जपून ठेवले गेले! एवढ्यावर थांबते तरी ठीक होते. सतराव्या शतकात त्या मुखवट्याचे मिटलेले डोळे उघडे करण्यात आले, त्याला धड जोडून झगा चढविला आणि एक पुरुषभर उंचीचा मेणाचा लूथर ग्रंथालयात खुर्चीवर बसविला. विसाव्या शतकात तो मोडून टाकीपर्यंत लोक त्याला पाहावयास येत.

ज्यांनी पहिला ठसा घेतला त्यांना मी दोष देत नाही. वडिलांचा चेहरा विसरू नये असे कोणाला वाटत नाही? आपल्या घरांतूनही गेलेल्या माणसांच्या तसबिरी असतात आणि त्यांत पाप नाही. पण जतन करणे आणि ताबा घेणे ह्यांच्यामध्ये एक बारीक रेघ आहे. ज्या दिवशी आपण मृताचे डोळे आपल्या सोयीने उघडले, त्या दिवशी ती रेघ ओलांडली गेली. आठवण त्याची राहिली नाही. तो आपले बाहुले झाला.

आता आपल्या देशाकडे येऊ. १८५४ साली म्युनिकचे श्लागिंटवाइट बंधू, हर्मान, आडोल्फ व रोबेर्ट, ईस्ट इंडिया कंपनीच्या कामावर मुंबईस उतरले आणि दख्खन ओलांडून मद्रासकडे गेले. पुढे हिमालयापर्यंत त्यांचा प्रवास झाला. ते कष्टाळू शास्त्रज्ञ होते. आडोल्फ तर १८५७ साली काशगरमध्ये मारला गेला. डोंगरांची उंची, हवेचा दाब, जमिनीचे चुंबकत्व ह्यांबरोबर त्यांनी माणसेही मोजली. अडीचशेहून अधिक जिवंत माणसांच्या चेहऱ्यांवर प्लास्टर लावून साचे घेतले, आणि युरोपात परत गेल्यावर त्या साच्यांवरून प्लास्टरचे व धातूचे मुखवटे ओतून संग्रहालयांना विकावयास काढले. हा अमक्या प्रदेशाचा नमुना, हा तमक्या जातीचा नमुना, अशी त्यांची वर्गवारी होती.

प्लास्टरने येथेही खोटेपणा केला नाही. प्रत्येक सुरकुती बरोबर उतरली. तरीसुद्धा मनाला काही टोचते. कंपनी सरकारच्या पाहुण्याने 'येथे नीज आणि डोळे मीट' असे सांगितल्यावर नाही म्हणण्याची मोकळीक त्यांतील कितीजणांना असेल? आणि आपला चेहरा समुद्रापार कोणाच्या कपाटात जाणार हे त्यांतील कितीजणांना कळले असेल? लिंकनचा मुखवटा पाहणारा म्हणतो, हा लिंकन. ह्या मुखवट्यांकडे पाहणाऱ्याने म्हणावयाचे होते, हा एक प्रकार. चेहरा घेतला, माणूस टाकून दिला.

शिमोन परूश्याच्या घरी हेच घडले. ती स्त्री प्रभूच्या पायांशी रडत होती आणि शिमोन मनात म्हणत होता की ही कोणत्या प्रकारची बाई आहे हे ह्याला कळावयास हवे होते. त्याने तिला पाहिले नव्हते. तिचा प्रकार पाहिला होता. म्हणून प्रभू तिच्याकडे वळून त्याला विचारतो की ही स्त्री तुला दिसते ना. काय विलक्षण प्रश्न आहे! ती त्याच्या समोरच होती. पण समोर असणे वेगळे आणि दिसणे वेगळे.

ह्याच्या उलट दोन उदाहरणे पाहा. पहिले पुण्याजवळचे आहे. इंग्रज फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा एक गाडीवान १७९२ च्या युद्धात टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आले. वर्षभर तो तसाच राहिला. मग विटा पाडणाऱ्या जातीतील एका माणसाने त्याला नवे नाक बसविले. त्याने प्रथम मेणाचा पातळ पत्रा कावसजीच्या तुटक्या नाकावर ठेवून त्याला नाकाचा आकार दिला. तो पत्रा सपाट करून कपाळावर मांडला, भोवती रेघ काढली, तेवढी कातडी सोडवून खाली वळविली आणि नाक घडविले. दोन इंग्रज डॉक्टरांनी हे पाहिले व १७९४ साली लंडनच्या एका मासिकात त्याचे वर्णन छापून आले. ते वाचूनच पुढे इंग्लंडातील शल्यवैद्य ही शस्त्रक्रिया करू लागले. त्या वृत्तांतात ह्या पुणेकर कारागिराचे नाव मात्र नाही!

दुसरे उदाहरण पहिल्या महायुद्धातील. खंदकातून डोके वर काढणाऱ्या कित्येक सैनिकांचे जबडे, नाक, डोळे उडून गेले. जीव वाचला, पण काही इस्पितळांत त्यांच्या खोल्यांतून आरसे ठेवीत नसत. कित्येकांना घरी जाण्याचा धीर होत नसे. आई काय म्हणेल, बायको काय म्हणेल! लंडनमध्ये फ्रान्सिस डरवेंट वुड ह्या शिल्पकाराने अशांसाठी मुखवटे करण्यास सुरुवात केली, आणि त्याच्यापासून शिकून ॲना कोलमन लॅड ह्या अमेरिकन बाईंनी १९१७ च्या अखेरीस पॅरिसमध्ये रेडक्रॉसच्या मदतीने तसेच काम उभारले. जखम भरल्यावर चेहऱ्याचा प्लास्टरचा साचा घेत. मग युद्धापूर्वीचे फोटो पाहून गेलेला भाग घडवीत आणि विझिटिंग कार्डाइतक्या पातळ तांब्याचा मुखवटा तयार करीत. त्याला रंग मात्र टेबलावर देत नसत. तो त्या सैनिकाच्या चेहऱ्यावर चढवून, त्याच्या समोर बसून, त्याच्या कातडीशी मिळवीत मिळवीत देत. तो मुखवटा हसत नसे, चावत नसे, आणि काही वर्षांत झिजून जाई. तरी तेवढ्यावर माणसे आगगाडीत बसून घरी गेली.

यशयाने दुःखी सेवकाविषयी लिहिले आहे की त्याला पाहून लोक आपले तोंड फिरवीत. ह्या बाईंनी तोंड फिरविले नाही. तेच प्लास्टर, तोच साचा. पण श्लागिंटवाइटांच्या पेटीतला चेहरा घेणाऱ्यासाठी होता, आणि पॅरिसमधला चेहरा ज्याचा होता त्यालाच परत करण्यासाठी होता. माझ्या मते सारा नैतिक फरक एवढाच आहे. साचा हुबेहूब आहे की नाही हा कारागिरीचा प्रश्न झाला. तो कोणाच्या कामी आला, हा नीतीचा प्रश्न आहे.

ख्रिस्ती मनुष्याने ह्या प्रश्नाकडे कसे पाहावे? कर द्यावा की नाही असे विचारून प्रभूला अडकवू पाहणाऱ्यांकडून त्याने एक नाणे मागून घेतले आणि त्यावर कोणाचा चेहरा छापला आहे असे विचारले. कैसराचा, असे उत्तर आले. तेव्हा ज्याचे त्याला द्या असे त्याने सांगितले. नाण्यावर ज्याचा ठसा, त्याचे ते नाणे. मग माणसावर कोणाचा ठसा आहे? उत्पत्तीचा पहिला अध्याय वाचणाऱ्याला उत्तर सांगण्याची गरज नाही. माणसाचा चेहरा हा सरकारचा नाही, शास्त्रज्ञाचा नाही, संस्थेचा नाही. तो देवाच्या मालकीचा आहे आणि त्या माणसाकडे ठेव म्हणून दिलेला आहे. दुसऱ्याची ठेव हाताळताना जी भीती वाटावयास हवी, ती येथे वाटली पाहिजे.

आता खिशातल्या प्रश्नाकडे येतो. आज चेहरा उतरवून घेण्यास प्लास्टर लागत नाही, तेल लागत नाही, अर्धा तास थांबावे लागत नाही. मोबाइल वर केला की झाले. आणि समोरच्याला निजवावे लागत नसल्यामुळे त्याची परवानगीही लागत नाही असे आपण समजून चाललो आहो. अंत्यविधीच्या वेळी शवपेटीवर वाकलेले मोबाइल आपण पाहतो. मृताचा चेहरा कबरस्तानात पोचण्यापूर्वी दहा गावांना पोचलेला असतो. पण ह्याहून अधिक विचार करावयास लावणारी गोष्ट म्हणजे आपली दानधर्माची छायाचित्रे.

उपदेशाच्या निमित्ताने मंडळ्यांतून हिंडताना एके ठिकाणी नाताळाच्या आठवड्यात ब्लँकेटवाटप चालले होते. एका म्हातारीला फलकाखाली उभे केले. फलकावरचे नाव पुरते येईना म्हणून तिला तीनदा सरकविले, पदर मागे घे म्हणून सांगितले. फोटो निघाल्यावर ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "हा फोटू आमच्या गावापतूर जाईल काय रे बाबा?"

"का आजी?"

"सुनेच्या माहेरची माणसं हायेत तिकडं."

मंडळीचे सेक्रेटरी समंजस गृहस्थ होते. मी सांगताच त्यांनी तो फोटो लगेच पुसून टाकला. पण रांगेतल्या बाकीच्या तीस जणांना कोणी काही विचारले नव्हते.

ही सवय आजची नाही. १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांत ह्या देशातील हाडे निघालेल्या मुलांची छायाचित्रे परदेशच्या मिशन मासिकांतून छापली गेली. त्यांमुळे पैसा आला, धान्य आले, जीव वाचले. हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. आपल्यापैकी काहींचे पणजोबा-पणजी त्या अनाथालयांतच वाढले. पण त्या मुलांपैकी कोणी मोठेपणी आपला तो फोटो पाहिला असता, तर त्याला काय वाटले असते, हाही प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे.

कोणी म्हणेल, देणगीदारांना पुरावा लागतो. फोटोवाचून पुढच्या वर्षी ब्लँकेटे येणार नाहीत. ही अडचण खरी आहे आणि हिशेब चोख असलाच पाहिजे. पण हिशेब सह्यांनी, अंगठ्यांनी, पावत्यांनी, पंचांच्या साक्षीने ठेवता येतो. ब्लँकेटांच्या गठ्ठ्याचा फोटो घ्या, देणाऱ्या समितीचा घ्या. घेणाऱ्याचा चेहरा ही पावती नव्हे. दुसरे कोणी म्हणेल, आम्ही विचारतो आणि ते हो म्हणतात. पण थंडीच्या रात्री ज्याचा हात ब्लँकेटासाठी पुढे झाला आहे त्याचे 'हो' कितपत मोकळे असते? विचारावयाचेच असेल तर वस्तू दिल्यानंतर विचारावे, देणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणी विचारावे, आणि नाही म्हणणाऱ्याला पुढच्या वर्षीही तितक्याच आनंदाने द्यावे. उजवा हात काय करतो ते डाव्यालाही कळू नये अशी ज्याने आपल्याला शिकवण दिली, त्याच्या नावाचा फलक लावून आपण हे सर्व करीत आहो, ह्याचा विसर पडू नये.

छायाचित्र काढूच नये असे माझे म्हणणे नाही. लग्नात काढावे, बाप्तिस्म्यात काढावे, आजोबांच्या मांडीवर नातू बसला की जरूर काढावे. तेथे समोरचा माणूस आपल्याकडे पाहून हसत असतो. त्याचे डोळे उघडे असतात. जेथे समोरचा डोळे खाली घालतो, पदर पुढे ओढतो, तेथे त्याने उत्तर दिलेले आहे. ते वाचण्यास थिऑलॉजीचे शिक्षण लागत नाही.

अहरोनाने इस्राएल लोकांना जो आशीर्वाद द्यावयाचा होता आणि जो आपण उपासनेच्या शेवटी ऐकतो, त्यात परमेश्वराने आपला मुखप्रकाश आपल्यावर पाडावा असे मागितलेले आहे. देव आपला चेहरा आपल्याकडे वळवितो, तो आपल्याला शांती देण्यासाठी. आपणही दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे वळावयाचे ते ह्याच हेतूने, आणि वळल्यावर तो त्याचा त्याला सुरक्षित परत करावयाचा. येत्या नाताळापूर्वी आपापल्या मंडळीच्या समितीपुढे हा प्रश्न अवश्य मांडावा, अशी वाचकांना नम्र विनंती आहे.